गस क्लिंगरचं खरं बोलणं

गस क्लिंगर पंधरा वर्षं बॅटवाल्यांच्या पाठीमागे उकिडवा बसून खोटं बोलत आला होता आणि त्याची त्याला काडीची लाज वाटत नव्हती. बेसबॉलमध्ये कॅचरचं कामच ते. समोरून पिचर चेंडू टाकतो, बॅटवाला तो मारायला बघतो, आणि मागे बसलेला कॅचर चेंडू झेलता झेलता बॅटवाल्याचं डोकं खातो. तोंडाने म्हणायचं, "आता सरळ येतोय हं, जपून," आणि दोन मांड्यांच्या मधून पिचरला बोटांनी खूण करायची वळत्या चेंडूची. गसच्या तोंडाचा पट्टा तर साऱ्या लीगमध्ये प्रसिद्ध होता. तो जे बोलेल त्याच्या उलट धरायचं, एवढं नव्या खेळाडूलाही पहिल्या आठवड्यातच कळायचं.

त्या शनिवारी मात्र हा पट्टा दुपारीच थंडावला होता. १९०९ सालचा जुलै महिना, मर्टनव्हिलचं मैदान, कुंपणापलीकडे मातीच्या भांड्यांच्या भट्ट्या आणि त्यांचा धूर ओहायो नदीकडे चाललेला. गसचा संघ बेल्फोर्डचा, म्हणजे इथे पाहुणा. सामना नऊ डावांचा. पण सहाव्या डावात जे एकास एक अडकलं ते सुटायचं नाव घेईना, आणि बरोबरी असली की कुणीतरी पुढे जाईपर्यंत डाव वाढवत न्यायचे हा नियमच. साडेतीनला सुरू झालेला खेळ साडेसहाला सतराव्या डावाच्या शेवटी आला होता. तंबाखूच्या थुंकीने आणि मातीने चेंडू बटाट्यासारखा दिसायला लागला होता.

आणि हे सतराही डाव बेल्फोर्डच्या बाजूने एकटा लॉनी टॅकेट चेंडू टाकत होता.

लॉनी एकवीस वर्षांचा, केंटकीच्या डोंगरातून आलेला, लांब हाताचा आणि कमी बोलणारा. असा उजवा हात गसने उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला होता. मार्चपासून तो लॉनीचे चेंडू झेलत होता, आणि हातमोज्यातला आवाज ऐकून त्याला पोराची तब्येत कळायची. बाराव्या डावापर्यंत आवाज ठणठणीत होता. चौदाव्यात तो बसला. पंधराव्यात वळता चेंडू वळेनासा झाला, नुसता लोंबत यायला लागला. आणि सोळाव्या डावानंतर लॉनी बाकावर येऊन बसला आणि बादलीतलं पाणी त्याने डाव्या हाताने प्यायलं. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता.

असं डाव्या हाताने पाणी पिणं गसने याआधीही पाहिलं होतं, याच मैदानावर, याच बाकाच्या समोरच्या बाकावर.

दहा वर्षांपूर्वी गस मर्टनव्हिलकडून खेळायचा आणि त्याचा पिचर होता एमेट रूड. दोघांची जोडी म्हणजे गावाची शान. एका सप्टेंबरात एमेटने वीस डाव टाकले आणि सामना जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत मिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कॉफीचा कप उचलता आला नाही, आणि तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. पंधराव्या डावात एमेट म्हणाला होता, "गस, कोपरात काहीतरी तुटल्यासारखं झालं रे." गस म्हणाला होता, "अजून एक, एमेट. एकच." असं तो पाच वेळा म्हणाला होता. प्रत्येक वेळी एमेट उठून गेला होता.

आता एमेट याच मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायचा. तिकीट दातात धरायचं आणि डाव्या हाताने फाडायचं, अशी त्याची पद्धत. त्या दुपारीही गस आत शिरताना तो त्याला जर्मन आडनावावरून पडलेल्या नावाने म्हणाला होता, "काय डचमन, अजून बोटं शिल्लक आहेत का?" गस म्हणाला, "चार-पाच आहेत, मोजत नाही." झेलून झेलून वाकड्या झालेल्या बोटांवर दरवेळी हाच विनोद, हीच दोन वाक्यं. त्या वीस डावांचा विषय दोघांनी दहा वर्षांत एकदाही काढला नव्हता.

अठराव्या डावात आधी बेल्फोर्डवाले मारायला गेले. तेवढ्या वेळात गस लॉनीच्या शेजारी जाऊन बसला.

"हात दाखव."

"काय दाखवू? हातच आहे."

"कोपर दाखव म्हणतोय."

"सोड ना गस. गरम आहे म्हणून सुजलंय."

"लॉनी, कॅपला सांग की हात गेला. लार्किन राखीव म्हणून दुपारपासून शेंगा खात बसलाय, तो टाकेल पुढचं."

लॉनीने मान हलवली. "तो माणूस बसलाय ना तिथे."

तो माणूस म्हणजे मोठ्या लीगच्या एका संघाने पाठवलेला पारखी. दुपारच्या गाडीने आला होता, पिवळ्या पट्टीची गवती टोपी घालून कॅचरच्या मागच्या तिसऱ्या रांगेत बसला होता. लॉनीला बघायलाच तो आलाय हे सगळ्या संघाला ठाऊक होतं. लॉनीने घरी आईला पत्रसुद्धा टाकलं होतं.

"तो गेला," गस म्हणाला. "पंधराव्या डावात उठून गेला. सहा-दहाची गाडी असते त्यांची. जागा रिकामी आहे, मी मागे वळून बघितली."

लॉनी हसला. दिवसभरात पहिल्यांदाच. "म्हाताऱ्या, तू बॅटवाल्यांना गंडव. मला नको."

"अरे, आईशप्पथ गेला. जाऊन बघ."

"मावळतीचं ऊन आहे त्या छपरावर, इथून काही दिसत नाही, हे तुला माहितेय. म्हणून सांगतोयस." लॉनीने डावा हात गसच्या गुडघ्यावर ठेवला. "माझं भलं बघतोयस, कळतं मला. पण जो सुरू करतो तो संपवतो. लार्किनला मी चेंडू देणार नाही."

पंधरा वर्षं खोटं बोलून पोट भरलेल्या माणसाचं खरं कोण ऐकणार, हे गसला त्या क्षणी चांगलंच झोंबलं. तो उठला आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या व्यवस्थापकाकडे गेला. मॅट डेनिहन, सगळे त्याला कॅप म्हणत.

"कॅप, पोराला काढा. हात मरतोय त्याचा."

डेनिहनने मैदानावरची नजर हलवली नाही. "त्याने मागितलं का?"

"तो कसा मागेल? तुम्ही काढायला हवं."

"सतरा डाव एकट्याने ओढणाऱ्या माणसाला मी लोकांदेखत बाहेर बसवू? उद्या माझं तोंड बघणार नाही तो. आणि उरलेले पण नाही बघणार." त्याने थुंकी टाकली. "तुझं काम झेलायचं, क्लिंगर. झेल."

डेनिहन काही दुष्ट माणूस नव्हता. त्या काळी सगळेच असं बोलायचे, आणि गससुद्धा दहा वर्षांपूर्वी असंच बोलला असता, किंबहुना बोललाच होता. तेच तर त्याला खात होतं.

बेल्फोर्डचे तिघं बाद झाले, एकही धाव निघाली नाही. आता घरच्यांची पाळी. मर्टनव्हिलने एक धाव काढली की सामना तिथेच संपणार. नाही काढली तर एकोणिसावा डाव. आपल्या जागेवर जाता जाता गसने एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. मैदानावर अंपायर एकच, पेरिन नावाचा, आणि उजेड कमी झाला म्हणून सामना थांबवायचा अधिकार त्याचा.

"पेरिनसाहेब, अंधारतंय. चेंडू दिसत नाही."

"मला तुझ्या नाकावरचा मस दिसतोय, क्लिंगर. बस खाली."

गस बसला. गुडघे कुरकुरले. समोर, साठ फुटांवर, लॉनीने कोपर बरगड्यांशी दाबून धरलं होतं, जसं कुणी काखेत पाव धरून घरी चालावं तसं.

पहिल्या बॅटवाल्याने सरळ वर उडवला, झेलला गेला, बाद. दुसऱ्याने तिरका मारला आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला. तिसऱ्याने हलकेच चेंडू टेकवला. तो स्वतः बाद झाला, पण पुढचा माणूस दुसऱ्या बेसवर सरकला. दोन बाद. दुसऱ्या बेसवर माणूस. एक चांगला फटका आणि सामना संपला. एक बाद आणि एकोणिसावा, मग विसावा. लॉनी थांबणार नव्हता, त्याला कुणी थांबवणार नव्हतं, आणि त्याचा हात किती डाव आणखी टिकेल याचा अंदाज या मैदानावर फक्त दोन माणसांना होता. एक गस. दुसरा फाटक सोडून कुंपणाशी येऊन उभा राहिला होता, डावा हात त्याच्या फळीवर ठेवून.

गसने त्याला पाहिलं. एमेटनेही पाहिलं. दोघांनी मान हलवली नाही.

बॅट घेऊन ओटिस प्रूइट आला. चाळिशीकडे झुकलेला, जाड मानेचा. दहा वर्षांपूर्वी तो याच संघात होता, गस आणि एमेटबरोबर. एमेटला खांद्यावर घेणाऱ्यांत उजव्या बाजूला प्रूइटच होता.

"डचमन," तो म्हणाला, "आज गप्पसा? आजारी का काय?"

आणि तेव्हा गसच्या मनात ते आलं. आधी त्याला स्वतःचीच शिसारी वाटली. आपल्याच पिचरचा चेंडू समोरच्याला सांगणं, याहून हलकट काम कॅचरच्या धंद्यात नाही. चोराला लोक जेवायला बसवतील, पण अशा माणसाला कुणी शेजारी उभं करणार नाही. कळलं तर लीग संपली, बेल्फोर्ड संपलं, पंधरा वर्षांचं नाव मातीत. गसला भीती वाटली. मग त्याने पुन्हा लॉनीकडे पाहिलं. पोरगं डाव्या हाताने डोळ्यावरचा घाम पुसत होतं.

गसने दोन बोटांची खूण केली, वळता चेंडू. आणि तोंडाने म्हणाला, "वळता येतोय, ओटिस."

प्रूइट खिंकाळला. "म्हणजे सरळ. कळलं." त्याने वेगाच्या अंदाजाने बॅट फिरवली, चेंडू लोंबत लोंबत उशिराने आला आणि गसच्या हातमोज्यात पडला. पहिला चुकला; असे तीन चुकले की बाद.

"खरं सांगत होतो," गस म्हणाला.

"हो, आणि मी लाटसाहेब."

गसने एक बोट दाखवलं. "आता सरळ."

प्रूइटने वळत्याची वाट पाहिली, उशीर केला. बॅटची कड लागून चेंडू मागे लोकांत गेला. दुसरा चुकला. बेल्फोर्डचं बाक उठून ओरडायला लागलं. लॉनीच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याला वाटलं, म्हातारा आज पुन्हा रंगात आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गस बॅटवाल्याशी खरं बोलत होता, आणि त्याच्या खऱ्यानेच प्रूइट बाद व्हायला आला होता. काय म्हणावं अशा नशिबाला. आणखी एक चुकला की एकोणिसावा डाव.

चेंडू परत आला तो गसने हातात जरा जास्तच वेळ धरला, पुसला, लॉनीकडे टाकला. मग खाली बसला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"ओटिस, मागे बघू नकोस. एमेटची शप्पथ. वळता येतोय, गुडघ्याच्या उंचीला, बाहेरच्या बाजूला."

प्रूइटची पाठ ताठ झाली. गस बायकोची खोटी शपथ घेईल, देवाची घेईल, मेलेल्या आईची घेईल. पण एमेट रूडचं नाव घेऊन खोटं बोलणार नाही, हे प्रूइटला माहीत होतं. त्याने मागे बघू नये तर नेमकं बघितलं, अर्धा क्षण. मग त्याने डावा पाय एक पाऊल पुढे टाकला आणि वाट पाहिली.

लॉनीने टाकला. वळता, गुडघ्याच्या उंचीला, बाहेरच्या बाजूला. चेंडू डावीकडच्या आणि मधल्या राखणदारांच्या मधून कुंपणापर्यंत गेला. दुसऱ्या बेसवरचा माणूस धावत घरच्या बेसवर, गसच्या पायाशी, आला तेव्हा गस उभा होता आणि त्याचा हातमोजा रिकामा होता. दोनास एक. लोक कुंपण ओलांडून आत शिरले. लॉनी जिथे होता तिथेच खाली बसला.

कपडे बदलायच्या फळकुटाच्या खोलीत बेल्फोर्डवाले बूट सोडत होते. डेनिहनने लॉनीच्या डोक्यावर हात ठेवला, "पोरा, पोटभर खेळलास," म्हणाला आणि बाहेर गेला. सगळे गेल्यावर लॉनी गसच्या समोर उभा राहिला. कोपर माठासारखं सुजलं होतं.

"प्रूइटने मागे बघितलं," तो म्हणाला. "तुझ्याकडे. आणि मग पाय पुढे टाकला, मी चेंडू सोडायच्या आधी. त्याला काय सांगितलंस?"

गसला खोटं बोलता आलं असतं. सवयीचं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "वळता येतोय म्हणून सांगितलं."

लॉनीने त्याच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर गसला बरं वाटलं असतं. पण पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अठरा डाव, गस," तो म्हणाला. "अठरा डाव मी तुझी बोटं बघून टाकले. एकदासुद्धा नाही म्हटलं नाही तुला."

"मूठ वळ बघू."

"काय?"

"उजवी मूठ. वळते का?"

लॉनीने खाली बघितलं. बोटं हळूहळू मिटली, दुखली, पण मिटली. मग त्याने पिशवी डाव्या हाताने उचलली आणि निघून गेला. तिसऱ्या रांगेतला माणूस पंधराव्या डावात खरोखरच गेला होता हे त्याला हॉटेलात मुनीमाकडून कळलं. पण त्यामुळे काही बदललं नाही. त्याने कॅपकडे चहाडी केली नाही, कुणाकडेच केली नाही. फक्त दुसरा कॅचर मागितला. तीन आठवडे हात गळ्यात बांधून बसला, मग पुन्हा टाकायला लागला, आणि पुढच्या वसंतात त्याच पिवळ्या पट्टीच्या टोपीवाल्याच्या संघाने त्याला नेलं. तिथे तो नऊ वर्षं टाकत होता. या सगळ्या काळात गसशी तो एक शब्दही बोलला नाही. पण हे पुढचं झालं.

त्या संध्याकाळी गस सगळ्यांच्या मागून फाटकापाशी आला. मैदान रिकामं झालं होतं, खाली शेंगांची टरफलं. एमेट फाटकाचा एक दरवाजा खांद्याने ढकलत होता. गसने दुसरा ढकलला.

आज बोटांचा विनोद झाला नाही.

"प्रूइटला कळलं कसं?" एमेट म्हणाला.

"मी सांगितलं."

"ते मला दिसलं. त्याने तुझ्यावर विश्वास कसा ठेवला, ते विचारतोय."

गसने पिशवी खाली ठेवली. "तुझी शपथ घेतली."

एमेटने दरवाजाची कडी शोधली. "माझी," तो म्हणाला. "बरं. कशाच्या तरी कामी आलो." मग म्हणाला, "पोराचा हात?"

"सुजलाय. पण मूठ वळते."

"मूठ वळते म्हणजे वाचला. माझी वळली नव्हती."

"माहितेय."

"तुला पंधराव्यात सांगितलं होतं मी. कोपरात तुटल्यासारखं झालं म्हणून."

"हो."

"सोळाव्यात परत सांगितलं."

"सांगितलंस."

दहा वर्षांत एमेट हे पहिल्यांदा बोलत होता, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता. तोच दुपारचा, तिकिटं फाडणारा आवाज. "मग माझ्यासाठी का नाही केलंस असं काही?"

गसला वाटलं, म्हणावं, सुचलं नाही. लहान होतो. तेव्हा सगळेच तसं करायचे. यातलं एकही खोटं नव्हतं, पण एकही खरं नव्हतं.

"मला जिंकायचं होतं, एमेट," तो म्हणाला.

एमेटने मान डोलावली.

"मलापण," तो म्हणाला. मग त्याने खिशातून कुलूप काढून गसपुढे धरलं. "हे जरा धर. एका हाताने लागत नाही."

गसने आपल्या वाकड्या बोटांनी कुलूप कडीत घालून घट्ट धरलं, आणि एमेटने डाव्या हाताने किल्ली फिरवली.